जोडीचा नंबर

भाच्यानं फोटो पाठवला तेव्हा मी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभा होतो. काउंटरवरच्या काळ्या रबरी मॅटवर एक रिव्हॉल्व्हर, त्याच्या पोटात एक सिलिंडर आणि शेजारी दुसरा सिलिंडर सुटा ठेवलेला. खाली एक ओळ : "मामा, हा दुसरा कशाला देतात? घेऊ का असलं?"

समोर म्हशीची धार चाललेली, हातात पेला, आणि मी तो फोटो दोन बोटांनी मोठा करून सुट्या सिलिंडरची भोकं मोजत होतो. सहा. दोन भोकांमधली भिंत किती जाड, मागच्या खाचा धारदार आहेत की घासलेल्या, हे बघायची सवय चाळीस वर्षांची आहे. शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं टूलरूम आहे. गेज, फिक्श्चर, बुश, कुणाच्या मशीनचा न मिळणारा एखादा भाग, असली कामं आम्ही करतो. रिव्हॉल्व्हर बनवलेलं नाही आणि बनवायचंही नाही. पण एक गोल जॉब, त्याला सहा समान भागांत भोकं आणि प्रत्येक भोक एकाच नळीसमोर बिनचूक येऊन थांबलं पाहिजे, ही गोष्ट इंडेक्सिंग करणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

"दुकानातून बाहेर पड. आज काही घेऊ नको. उद्या सकाळी सविस्तर बोलू," असं मी त्याला लिहिलं. माझी सकाळ म्हणजे त्याची आदल्या दिवसाची संध्याकाळ. तो टेक्सासात, ह्यूस्टनच्या बाहेर राहतो.

त्याला रिव्हॉल्व्हर का हवं होतं ते मला विचारावं लागलं नाही. ते आमच्या आबांपासून आलेलं आहे.

आबांची गुळाची अडत होती. हंगामात सौदे निघाले की रोकड घरी यायची आणि ती दुसऱ्या दिवशी बँकेत जायची. तेवढ्या रात्रीसाठी त्यांनी परवाना काढला होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. इंग्लंडच्या वेब्ली कंपनीच्या जुन्या घडणीवरचं. वरची कडी दाबली की मधून मोडतं आणि पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. भाचा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. दिवाळीत आणि दसऱ्यात आक्का माहेरी यायची आणि हा पोरगा आबांच्या मागं मागं फिरायचा. एरवी त्या कपाटाकडं बघायचीही सोय नव्हती. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, आबा ते बाहेर काढायचे. पाटावर हळदी-कुंकू, झेंडूची माळ, एका बाजूला उसाचं कांडं. त्यात कोयता, विळा, आईचा अडकित्ता आणि विळी, तराजूची मापं, माझं व्हर्नियर आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर, उघडं मोडून ठेवलेलं, सहाही घरं रिकामी दिसतील असं. पोरांना हात लावायची परवानगी नव्हती. वाकून त्या सहा भोकांतून पलीकडचा झेंडू बघायची मात्र होती. भाच्यानं ते इतक्या वेळा बघितलंय, की परवा फोनवर त्यानं मला विचारलं, "मामा, आबांच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत आट्या उजवीकडं वळत्यात की डावीकडं?" मला आठवलं नाही. त्याला आठवत होतं.

आबांचा एक नियम होता. हत्यार लाकडी कपाटात, काडतुसं लोखंडी तिजोरीत. दोन किल्ल्या, दोन जागा. "दोन्ही एका जागी आली की ते हत्यार," असं ते म्हणायचे, "तोवर नुसतं लोखंड." निवडणूक लागली की ठाण्यात नेऊन जमा करायचं आणि निकालानंतर पावती दाखवून परत आणायचं. काडतूस विकत घेतलं की परवान्याच्या पुस्तकात नोंद. ते पुस्तक त्यांनी पासबुकासारखं जपलं. ते गेल्यावर आम्ही हत्यार रीतसर जमा केलं. वारसानं स्वतःच्या नावावर परवाना मागता येतो. मी अर्ज आणला होता. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन लागला आणि पहिला प्रश्न आला, "नळी एकच, मग गोळ्या दोन जातीच्या कशा?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण रिव्हॉल्व्हरची सगळी गंमत त्यात आहे. बंदुकीत किंवा पिस्तुलात काडतूस बसायचं घर नळीच्याच मागच्या टोकात कोरलेलं असतं. घर बदलायचं तर नळी बदलावी लागते. रिव्हॉल्व्हरमध्ये ते घर नळीपासून तोडून वेगळ्या गोल तुकड्यात नेलेलं आहे. काडतुसाची पुंगळी नळीला कधी भेटतच नाही. नळीला भेटते ती फक्त गोळी. म्हणजे गोळीची जाडी एकसारखी असेल, तर मागची पुंगळी आखूड असो, लांब असो, बारीक असो की जाड, नळीला काय त्याचं? सिलिंडर बदला, काम भागलं.

मी त्याला कोलेटचं, म्हणजे लेथमध्ये दांडा आवळून धरणाऱ्या बुशाचं, उदाहरण दिलं. लहानपणी सुट्टीत माझ्याकडं यायचा तेव्हा बेंच लेथच्या कोलेटच्या पेटीशी तो तासन्‌तास खेळायचा. लेथ एक, स्पिंडल एक, पण दहाच्या दांड्याला दहाचं कोलेट आणि बाराच्या दांड्याला बाराचं. बाराच्या कोलेटमध्ये दहाचा दांडा घालून आवळलास तर काय होईल? "सुटून उडंल," तो म्हणाला. अगदी तेच इथं होतं.

सिलिंडर बदलायची कल्पना तशी जुनीच. कोल्टनं १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. त्याच्या सुरुवातीच्या पॅटरसन रिव्हॉल्व्हरच्या पेटीत जादा सिलिंडर मिळायचा. पण त्याचं कारण वेगळं होतं. तेव्हा काडतूस नव्हतं. प्रत्येक घरात दारू ओता, गोळी ठासा, मागं पेट देणारी टोपी बसवा, आणि हे सगळं करीपर्यंत समोरचा थांबतोय थोडाच. म्हणून भरलेला दुसरा सिलिंडर जवळ ठेवायचा. धातूची पुंगळी आली आणि ती गरज संपली. मग शंभरेक वर्षांनी तोच सुटा सिलिंडर दुसऱ्याच कामासाठी परत आला, एकाच हत्यारात दोन जातींची काडतुसं चालावीत म्हणून. या जातीतलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे अमेरिकेतल्या रूगर कंपनीचं सिंगल-सिक्स. ते १९५३ मध्ये आलं आणि त्याचा मोठा भाऊ ब्लॅकहॉक १९५५ मध्ये. भाच्यानं दुकानात या दोन्हींच्या दोन सिलिंडरवाल्या जोड्या बघितल्या होत्या, एक .२२ ची आणि एक .३५७ ची.

आधी .२२ चं. यात एक सिलिंडर .२२ लाँग रायफलचा आणि दुसरा .२२ मॅग्नमचा. लाँग रायफल हे १८८७ पासूनचं काडतूस, मॅग्नम १९५९ चं. दोन्हीला .२२ म्हणतात म्हणून माणूस फसतो. गोळीची जाडी दोन्हीकडं जवळजवळ तीच, एखाद्या थाऊचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक. पण लाँग रायफलमध्ये गोळी पुंगळीच्या बाहेरच्या मापाची असते. तिची फक्त टाच पुंगळीत खोचलेली, बाटलीच्या तोंडावर बसवलेल्या बुचासारखी. मॅग्नममध्ये अख्खी गोळी पुंगळीच्या आत शिरून बसते, म्हणून पुंगळीला गोळीपेक्षा जाड व्हावं लागतं. लाँग रायफलची पुंगळी २२६ थाऊ, मॅग्नमची २४२. फरक सोळा थाऊचा, मिलिमीटरमध्ये ०.४. लांबीतला फरक तर डोळ्यालाच दिसतो : एक साडेपंधरा मिलिमीटर, दुसरी जवळपास सत्तावीस.

०.४ मिलिमीटर म्हणजे किती, हे कोल्हापूरच्या कुठल्याही टर्नरला विचारा. त्या फटीत बेअरिंग खडखडतं. मॅग्नमच्या घरात लाँग रायफल घातली तर ती आत जाते, उडतेही. पण तिला भिंतीचा आधार मिळत नाही. पितळ फुगतं, उभं फाटतं आणि गरम वायू मागं येतो, जिथं माणसाचा हात आणि तोंड असतं. उलट चूक करता येत नाही, कारण मॅग्नम लाँग रायफलच्या घरात शिरतच नाही. मी भाच्याला दोनदा सांगितलं. नंतर लिहूनही पाठवलं : कुठला सिलिंडर आत आहे हे बघितल्याशिवाय काडतुसाचा डबा उघडायचा नाही.

दुसरी जोडी .३५७ मॅग्नम आणि ९ मिलिमीटरची. खरं तर त्याचं मन तिच्यावर बसलं होतं. कारण साधं : ९ मिलिमीटरचं काडतूस तिकडं जागोजागी मिळतं आणि .३५७ पेक्षा स्वस्त पडतं. मी त्यात खुसपट काढलं आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. .३५७ च्या सिलिंडरमध्ये .३८ स्पेशल तशीच चालते, सिलिंडर न बदलता. दोन्ही पुंगळ्यांची जाडी एक आहे, .३८ थोडी आखूड एवढंच, आणि दोन्हींना मागं कड असल्यामुळं त्या कडेवर टेकून बसतात. म्हणजे हलकं काडतूस वापरायची सोय पहिल्याच सिलिंडरमध्ये आहे. ९ मिलिमीटरला बाहेर आलेली कड नाही. ते पुंगळीच्या तोंडावर, घराच्या आतल्या पायरीला टेकून थांबतं. आणि त्याची गोळी ३५५ थाऊची, नळी मात्र ३५७ साठी कापलेली. दोन थाऊ सैल. उडते, धोका नाही, पण नेम कधी धरेल आणि कधी धरणार नाही हे त्या एका नळीवर अवलंबून.

तो म्हणाला, "मग बिनकडेची पुंगळी बाहेर काढायची कशी?" बघा, पोरगा सॉफ्टवेअरमध्ये गेला तरी उद्यमनगर विसरलेला नाही. आबांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मधला तारा सगळ्या पुंगळ्यांच्या कडा धरून त्या एकदम वर उचलायचा. कड नसली तर तारा धरणार कशाला? त्यासाठी मग पत्र्याच्या गोल क्लिपा वापराव्या लागतात. पण सिंगल-सिक्स आणि ब्लॅकहॉक जुन्या वळणाची. बाजूची छोटी झडप उघडायची, सिलिंडर हातानं फिरवायचा आणि नळीखालची दांडी ढकलून एकेक पुंगळी काढायची. दांडी पुढून ढकलते, तिला कडेशी काही घेणंदेणं नाही. दोन सिलिंडरची सोय बहुतेक असल्याच रिव्हॉल्व्हरमध्ये दिसते, त्यामागं हे एक कारण आहे. आणि सिलिंडर बाहेर काढायला मधली पिन ओढली की झालं. पान्हा नाही, स्क्रू नाही. गतीनं कमी, पण बांधणीनं सरळ. मला ही बांधणी मनापासून आवडते. ज्या यंत्राचं काम उघड्या डोळ्यांनी दिसतं त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

दोन-तीन दिवसांनी त्याचा पुन्हा फोटो. दुसऱ्या कुठल्या दुकानात एक वापरलेलं ब्लॅकहॉक .३५७ मिळत होतं, आणि आधीच्या मालकानं नंतर कुठून तरी घेतलेला ९ मिलिमीटरचा सिलिंडर सोबत. किंमत पुष्कळच कमी. मी म्हटलं, सिलिंडरच्या पुढच्या तोंडाचा फोटो पाठव. कारखान्यातून जोडीनं आलेल्या रूगरच्या जादा सिलिंडरवर त्या हत्याराच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे असतात. यावर होते, पण फ्रेमवरच्या, म्हणजे हत्याराच्या मूळ सांगाड्यावरच्या नंबराशी ते जुळत नव्हते.

"मामा, बसतोय की पण. फिरतोयबी. दुकानदार म्हणतोय काय फरक पडत न्हाई."

त्याला मी जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो.

वीस वर्षांचा होतो तेव्हा मी डिझेल इंजिनांचे फ्युएल पंप दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रींच्या हाताखाली होतो. पंपात प्लंजर आणि बॅरल असतो. एक पेन्सिलीएवढी दांडी आणि तिचं घर. त्या दोघांतली फट एक-दोन मायक्रॉनची. इतकी बारीक फट मशीनवर सरसकट काढता येत नाही, म्हणून शेवटी एकाला दुसऱ्यात लॅप करून, म्हणजे बारीक घासून मिळवतात. ती जोडी होते. जन्मभर एकमेकांबरोबर राहते. एकदा हंगामाच्या तोंडावर दोन पंप एकदम आले. मी दोन्ही खोलले आणि एकाच ट्रेमध्ये रॉकेलनं धुतले. जोडताना प्लंजर बदलले गेले. हाताला दोन्ही झकास फिरत होते. अडकणं नाही, खडखडणं नाही. मी खूश. दोन दिवसांनी शिरोळकडचा एक शेतकरी तो पंप पिशवीत घालून एसटीनं परत आला. इंजिन हँडल मारून मारून सुरू होत नव्हतं आणि उसाला पाणी द्यायची त्याची पाळी निघून गेली होती. तो ओरडला नाही. पिशवी बाकड्यावर ठेवली आणि पाणी मागितलं. मेस्त्रींनी प्लंजर काढून तेलात बुडवला, बॅरलमध्ये सोडला, तो सर्रकन खाली गेला. जोडीचा असता तर आपल्या वजनानं हळूहळू उतरला असता. मला म्हणाले, "दोन्ही चांगले हायत, पण एकमेकांचे न्हाईत."

त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरचा थकवा मी विसरलेलो नाही. त्यानंतर माझ्या बाकड्यावर कधीही दोन जॉबचे भाग एका ट्रेमध्ये गेले नाहीत.

रिव्हॉल्व्हरचं गणित मायक्रॉनचं नाही, पण जात तीच. सिलिंडरचं पुढचं तोंड आणि नळीचं मागचं तोंड यांत साधारण चार ते आठ थाऊ फट राहते. कमी झाली तर काजळी धरून सिलिंडर अडकतो, जास्त झाली तर बाजूनं ज्वाळा आणि शिशाचे कण उडतात. मागं प्रत्येक घराला एक खाच असते. तिच्यात खालून खिट्टी येऊन बसली की ते घर नळीसमोर ठाम उभं राहतं. ही खिट्टी फ्रेममध्ये, खाच सिलिंडरमध्ये. सिलिंडर फिरवणारा हात फ्रेममध्ये, तो ज्या दात्यांना ढकलतो ते सिलिंडरवर. म्हणजे अर्धं यंत्र इकडं आणि अर्धं तिकडं. कारखान्यात दुसरा सिलिंडर बसवतात तो त्या एका फ्रेमशी मिळवून. नुसता नंबर टाकून भागत नाही. वाटेल त्या फ्रेमला दुसरीकडचा सिलिंडर "बसला" तरी एखाद्या घराला तो केसभर अलीकडं थांबेल. मग गोळी नळीच्या तोंडात सरळ न जाता कडेला घासून, तासली जाऊन जाईल. सहापैकी पाच घरं बरोबर आणि एक चुकीचं, असंही होतं. दुकानदार काउंटरवर एकदा फिरवून दाखवतो, त्यात हे कळत नाही.

"अदलाबदल करता येतो" हा शब्द आपण फार सैल वापरतो. बोल्ट अदलाबदल करता येतो, कारण जगभरच्या बोल्टांसाठी गेज ठरलेलं आहे. हा सिलिंडर अदलाबदल करता येतो तो फक्त आपल्या एका भावाशी, आपल्या एका घरात. त्या घराबाहेर तो कुणाचाच नाही.

भाच्यानं ते ब्लॅकहॉक सोडलं. त्याला वाईट वाटलं हे मला आवाजावरून कळलं.

मी .२२ चा आग्रह धरला त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कोल्हापूरचं आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेतलं, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, ४५१.४ गुण. त्या दिवशी उद्यमनगरात आमच्या गल्लीतली मशीनं अर्धा तास बंद होती आणि सगळे एका मोबाइलभोवती गोळा झाले होते. त्याची रायफल .२२ लाँग रायफलची. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली, ५० मीटर प्रोनमध्ये, तीही .२२. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सोनं घेतलं, तेही .२२. दुधाळीच्या रेंजवर पोरंपोरी बॅगा घेऊन जाताना दिसतात तेव्हा मी मुद्दाम थांबतो. हे बोटाच्या पेराएवढं काडतूस, धक्का जवळजवळ नाही, आवाज थोडका. माणूस डोळे न मिटता, खांदा न आखडता शिकतो. नेम हा शिकून येतो आणि शिकायला हजारो वेळा तीच गोष्ट करावी लागते. ते .३५७ नं कुणाच्या खिशाला आणि मनगटाला झेपणार?

"मामा, तुमी मला ऑलिंपिकला पाठवाय लागलाय," भाचा हसला. मी म्हटलं, न्हाई रे, पण हत्यार घेणाऱ्यानं ते चालवायला नीट शिकावं. आबांनी ते केलं नाही. परवाना होता, हत्यार होतं, पण रेंजवर ते कधी गेले नाहीत. रात्री दार वाजलं असतं तर त्यांनी काय केलं असतं हा विचार मला आजही बेचैन करतो.

आपल्याकडं असलं दोन सिलिंडरचं रिव्हॉल्व्हर घ्यायचा प्रश्नच येत नाही. बाहेरून हत्यार मागवणं सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. सवलत आहे ती नेमबाजांना. ९ मिलिमीटर तर आपल्याकडं प्रतिबंधित बोअर. परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर आणि नंबर लिहिलेला असतो, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत सुटे भागसुद्धा हत्यारातच मोजतात. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. तिकडं उलट. कायद्याच्या लेखी फ्रेम म्हणजेच हत्यार. तिच्यासाठी अर्ज भरायचा, चौकशी होते. भाच्याला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत थांबावं लागलं ते त्यामुळंच. पण सुटा सिलिंडर टपालानंही घरी येऊ शकतो. तेच मला पटत नाही. माझ्या हिशोबानं फ्रेम आणि सिलिंडर मिळून एक वस्तू. तोडून विकली की अनोळखी माणसाच्या टेबलावर नंबर न जुळणारी जोडी येणारच.

शेवटी त्यानं नवं सिंगल-सिक्स बघितलं, जोडीचं. आम्ही व्हिडिओवर तासभर होतो. दुकानातली बाई शांतपणे सगळं करू देत होती, तिचे मी इथून आभार मानतो. आधी झडप उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री, तिच्या डोळ्यांसमोर आणि माझ्या. मग हॅमर हळू मागं ओढायचा, सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी खिट्टी खाचेत बसल्याचा आवाज ऐकायचा. मी कानाला फोन लावून मोजत होतो. मग सिलिंडर चिमटीत धरून हलवून बघ, पुढं-मागं आणि बाजूला. त्याच्याकडं फट मोजायचं, पातळ पानांचं फिलर गेज होतं. माझंच, जाताना त्यानं मागून नेलेलं. फटीत पाच थाऊचं पान गेलं, सहाचं गेलं नाही. मग पिन ओढून सिलिंडर काढला, दुसरा घातला आणि सगळं पहिल्यापासून. इथंच लोक आळस करतात. एकाची परीक्षा घेतात आणि दुसरा तसाच असेल असं धरून चालतात. दुसऱ्याला सहाचं पान गेलं. एका थाऊचा फरक, चालतो. शेवटी दोन्ही पुढून दाखव म्हटलं. तीन आकडे जुळले.

"घे," मी म्हटलं.

आक्काला हे कळलं तेव्हा तिचा मला फोन आला. ती शाहूपुरीत राहते, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटं, पण ती आली नाही, फोनच केला, यावरून काय ते ओळखलं. "त्याच्या घरात सहा वर्षांची पोरगी आहे. तू त्याला आडवायचं सोडून माप काढून दिलंस?" मी उत्तर दिलं नाही. तिचं बरोबर होतं. थाऊच्या हिशोबात मी एवढा रमलो होतो की त्या घरात कोण कोण आहे हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

रात्री झोप लागली नाही. आबांच्या दोन किल्ल्या आठवत राहिल्या. पहाटे भाच्याला फोन केला. "तू घेतलंयस त्या हत्याराचा सगळ्यात मोठा गुण मी तुला सांगितलाच न्हाई," म्हटलं. पिन ओढली की सिलिंडर हातात येतो. सिलिंडर नसलेली फ्रेम कुणाच्याही हातात गेली तरी तिच्यात काडतूस ठेवायला जागाच नाही. तर फ्रेम एका तिजोरीत. दोन्ही सिलिंडर दुसऱ्या. काडतुसं तिसरीकडं. आबांच्या दोन किल्ल्या होत्या, तुझ्या तीन. त्यानं त्याच दिवशी दुसरी पेटी आणली आणि कुलपाच्या आकड्यांशिवाय बाकी सगळ्याचे फोटो आक्काला पाठवले. आक्का अजून पुरती राजी नाही. पण तिनं मला चहाला बोलावलं.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी सातला त्यानं व्हिडिओ लावला. तिकडं अजून अष्टमीची रात्र. माझ्या पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, आबांचा कोयता, आईचा अडकित्ता, आणि जिथं आबांचं रिव्हॉल्व्हर असायचं तिथं मी त्यांच्या परवान्याचं पुस्तक ठेवलं होतं. शेजारी आक्का बसली होती. तिकडं त्याच्या पाटावर लॅपटॉप, सुरी, फिलर गेज आणि टॉवेलवर रिव्हॉल्व्हर. झेंडू मिळाला नाही म्हणून कुठलीशी पिवळी फुलं. त्याची पोरगी हात मागं बांधून, वाकून बघत होती.

"मामा, कुठला सिलिंडर आत घालून ठेवू?"

मी बोलायच्या आत आक्का फोनकडं वाकली.

"दोन्ही बाहेर काढ," ती म्हणाली. "आणि तिला त्या भोकांतनं फूल बघू दे."